क्लच जड जातो? नवीन लिव्हर घेण्याआधी हे करून बघा



घाटंजी तालुक्यातल्या आपल्या एका पशुसखी ताईंनी पावसाळ्यानंतर दोन गावं सोडून दिली होती. बैठकीत कारण विचारलं तर आधी "घरचं काम" म्हणाल्या. नंतर चहा पिताना खरं बोलल्या, "मॅडम, गाडी येते मले चालवता. पण दहा किलोमीटर झाले का डाव्या हाताले मुंग्या येतात. क्लच दाबल्याच जात नाही." गाडी घरचीच, शंभर सीसीची, नवऱ्याच्या हाताला बसलेली. आता पोराला सुट्टी असेल तेव्हाच त्या लसीकरणाला जायच्या, म्हणजे रविवारी.

आपल्यापैकी बऱ्याच जणी स्कूटीवर शिकल्या. स्कूटीला क्लच नसतो, डाव्या हाताला असतो तो मागचा ब्रेक. मोटरसायकलवर त्याच जागी क्लच असतो. म्हणून स्कूटीवरून मोटरसायकलवर आलेली बाई घाबरली की डावा हात आवळते आणि गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी सुटते. पहिले काही दिवस रिकाम्या मैदानातच चालवा. मागचा ब्रेक उजव्या पायात, पुढचा उजव्या हातात, हे अंगवळणी पडू द्या.

आता त्या ताईंच्या गाडीचं सांगते. गाडीवर बसून हात सरळ पुढे केला तर कोपरापासून बोटांपर्यंत एक रेघ यायला पाहिजे. त्यांचा लिव्हर इतका वर उचललेला होता की मनगट मागे मोडायचं आणि काचेच्या बांगड्या हाडावर रुतायच्या. मुंग्या तिथूनच येत होत्या. लिव्हर ज्या पकडीने हँडलला बसवलेला असतो तिचा बोल्ट थोडा सैल करायचा, लिव्हर खाली फिरवायचा, परत आवळायचा. बहुतेक गाड्यांचा डावा आरसाही त्याच पकडीत असतो, तोही फिरतो. त्यामुळे शेवटी आरसा नीट करायला विसरू नका. या कामाला पाच मिनिटं लागतात. नवऱ्याला पूर्वीसारखा पाहिजे असेल तर दोघांना चालेल असा मधला कोन काढा. भांडण नको.

दुसरी गोष्ट ढिलाईची. लिव्हर बोटाने हलकेच ओढला तर टोकाशी थोडा मोकळा हलतो, मग वायरचा ताण लागतो. हे मोकळं अंतर बहुतेक शंभर-सव्वाशे सीसी गाड्यांना 10 ते 20 मिलिमीटर ठेवतात, म्हणजे साधारण बोटाच्या जाडीइतकं. आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो.

ढिलाई जास्त झाली तर लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच पुरता सुटत नाही. गिअर खटकन पडतो, न्यूट्रल सापडत नाही, पहिला गिअर टाकताच गाडी उडी मारते. अजिबात नसली तर क्लच कायम अर्धवट दाबल्यासारखा राहतो. चढावर एक्सलेटर दिला की इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही आणि क्लच प्लेटा जळतात. तो खर्च मोठा असतो.

अंतर कमी-जास्त करायला काही गाड्यांना लिव्हरजवळ, काहींना खाली इंजिनजवळ वायरवर आट्यांचा नट असतो. आधी चेक नट सैल करा. लिव्हरजवळचा नट बाहेर काढत गेलं की वायर ताणते आणि ढिलाई कमी होते; आत घेतला की वाढते. झाल्यावर चेक नट आवळा. इंजिन गार असतानाच करा, खाली हात भाजतो.

लहान हाताच्या ताईंसाठी: ढिलाई पुस्तिकेच्या मर्यादेतच, पण जास्तीकडे ठेवा. क्लच पकडतो ती जागा मुठीच्या जवळ येते, बोटं ताणावी लागत नाहीत. मुठीवर जाड फोमचं कव्हर असेल तर काढून टाका. कापूस वेचून बोटं चिरलेली असतात त्या दिवसांत हा फरक फार जाणवतो.

आता नवीन लिव्हर. दुकानात आखूड, रंगीत लिव्हर दाखवतात, "लेडीजसाठी हलका" म्हणून. हापशीचा दांडा आठवा. टोकाला धरला की हलका, मध्ये धरला की जड. आखूड लिव्हर म्हणजे दांडा मध्येच धरणं, तो जड जाणार. आपल्याला लांबी कमी नको, मुठीपासूनचं अंतर कमी पाहिजे. काही महागड्या गाड्यांना अंतर बदलायची चकती असते, साध्या गाड्यांना सहसा नसते. लिव्हर वाकला-मोडला असेल तर आपल्याच मॉडेलचा घ्या. वायरची घुंडी बसते ते भोक जुन्याशी जुळवून बघा. ते थोडं जरी इकडेतिकडे असलं तरी ओढ बदलते. टोकाला गोळा असलेलाच घ्या, पडल्यावर नुसतं टोक अंगात घुसू शकतं.

एवढं करूनही जड असेल तर दोष बहुतेक वायरचा. आतून गंजते, पावसाळ्यानंतर जास्त. तार उसवलेली दिसली तर बदला, वाट पाहू नका. भर रस्त्यात तुटली की गिअर टाकता येत नाही. लिव्हरच्या खिळ्यावर थोडं ग्रीस लावा. चालवताना क्लचवर बोटं ठेवून जाऊ नका.

जाता जाता एक. मोटार वाहन नियम 1989 मध्ये दुचाकीला मागच्या चाकाजवळ जाळी, मागे बसणाऱ्यासाठी पकड आणि पाय ठेवायची जागा सांगितली आहे. त्या जाळीला आपण साडी गार्ड म्हणतो. बाई मागे बसणार हे गृहीतच!

आणि लायसन्स बघा. स्कूटीचं, म्हणजे बिनगिअरचं लायसन्स मोटरसायकलला चालत नाही. गिअरच्या गाडीचा वर्ग वेगळा जोडून घ्यावा लागतो. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न इथेच अडतो.

त्या ताईंच्या गाडीला लिव्हरचा कोन, ढिलाई आणि नवी वायर एवढंच लागलं. लिव्हर जुनाच आहे. आता त्या बुधवारी जातात, एकट्या. पुढच्या ग्रामसंघ बैठकीला ज्यांच्या घरी मोटरसायकल आहे त्यांनी ती स्वतः चालवत आणा. 10 आणि 12 नंबरचे पाने मी आणते.