तुकडे आणि तेरीज

खेळाची मोठी फाईल बारा भागांत मिळाली आणि त्यातला सातवा भाग बिघडला, तर उरलेल्या अकरांचा उपयोग का होत नाही? गेल्या सुट्टीत एका मित्राने मोफत परवान्याचा एक खेळ असाच पेन ड्राइव्हवर आणला, तेव्हा हा प्रश्न पडला.

मुळात तुकडे करायचे कशाला? जुन्या फ्लॉपीत १.४४ मेगाबाइटच मावत. फॅट-३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर आजही एक फाईल ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपेक्षा मोठी होऊ शकत नाही, मग जागा कितीही मोकळी असो.

तुकड्यांपूर्वी मजकूर दाबून घेतात. लेंपेल आणि झिव यांनी १९७७ साली मांडलेली युक्ती अशी: येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला, की तो न लिहिता 'इतके मागे जा, तेथून इतकी अक्षरे उचल' एवढी खूण ठेवायची. आपण 'वरीलप्रमाणे' लिहितो तसेच. (खेळातली चित्रे व ध्वनी बहुधा आधीच दाबलेले असतात, त्यामुळे ते फारसे आटत नाहीत.) पण कात्री चालते ती आकार मोजून, एखादी फाईल मध्येच कापली जाते याची तिला पर्वा नसते. मग सातवा भाग गेल्यावर आठव्यातल्या खुणांनी मागे जायचे कोठे?

बिघाड कळतो कसा, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला चटकन उमजेल. बाइटांवरून काढलेला सीआरसी नावाचा एक आकडा सोबत ठेवलेला असतो. उघडताना तो पुन्हा काढून ताडून पाहतात. आपली तेरीजच म्हणा ना! जुळली नाही तर चूक आहे एवढे कळते, कोठे आहे ते कळत नाही.

दुरुस्तीची तजवीज वेगळी. समजा, ३४, ५२ आणि १९ या आकड्यांची बेरीज १०५ जपून ठेवली आहे. ५२ पुसला गेला, तरी वजाबाकीने परत मिळतो. दोन आकडे पुसले गेले तर मात्र दुसरीही बेरीज हवी: पहिल्याची एकपट, दुसऱ्याची दुप्पट, तिसऱ्याची तिप्पट, म्हणजे १९५. रीड व सॉलोमन यांचे १९६० सालचे गणित याच जातीचे. रार पद्धतीत असे जादा भाग करता येतात; त्यांपैकी कोणताही एक, हरवलेल्या कोणत्याही एका भागाची उणीव भरून काढतो.

मित्राने जागा वाचावी म्हणून नेमका तो जादा भाग घेतला नव्हता.