उंची लागते तेव्हा

बुसैतीनमध्ये चढ हवा असेल तर पुलावर जावं लागतं. अख्ख्या बहरीनचं सर्वांत उंच ठिकाण म्हणजे जबल अद-दुखान, तेही जेमतेम १३४ मीटर. पुण्याच्या शनिवार पेठेतला तळमजला त्याहून चारशे मीटर उंचावर असतो. असल्या सपाट बेटावर राहणाऱ्या एका मराठी जोडप्याने गेल्या आठवड्यात माझ्यासमोर नकाशा पसरला. दोघंही पस्तिशीच्या आतली. तो रोज संध्याकाळी किनाऱ्यावर आठ किलोमीटर धावतो. ती गोंदियाची, कॉलेजात असताना कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड केलेली. ईदची सुट्टी आणि शिल्लक रजा जोडून अकरा दिवस हाताशी, आणि पाठीवर सॅक टाकून बोलिव्हिया. दोन विमानं बदलून थेट ला पाझ, दुसऱ्या दिवशी चाकाल्तायाचा डोंगर, तिसऱ्या दिवशी सायकलवरून कोरोइको, मग उयुनीच्या मिठाच्या मैदानाची तीन दिवसांची जीप सफर. "आम्ही फिट आहोत डॉक्टर, फक्त ती उंचीची गोळी लिहून द्या."

गोळीचं नंतर बघू. आधी हा बेत बघू, कारण आजार या बेतातच आहे.

ला पाझ वसलंय सुमारे ३,६४० मीटरवर. त्याचा विमानतळ एल आल्तोत, ४,०६१ मीटरवर. म्हणजे विमानाचं दार उघडतं तेच कळसूबाईच्या माथ्याहून अडीच पट उंचीवर. चाकाल्ताया ५,३०० मीटरच्या पुढे. तिथल्या हिमनदीवर एके काळी लोक स्कीइंग करत. २००९ पर्यंत ती हिमनदी वितळून संपली. बर्फ गेला, पण उंची तेवढीच आहे. आमच्या या पाहुण्यांनी समुद्रसपाटीवरून निघून छत्तीस तासांत तिथे उभं राहायचं ठरवलं होतं.

एखाद्याला गाडी लागते, बोट लागते, तशी उंची लागते. ला पाझच्या हवेत ऑक्सिजन आपल्याइतकाच, २१ टक्के असतो. पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशावर आलेला असतो, म्हणून प्रत्येक श्वासामागे शरीराच्या पदरात तिसरा हिस्सा कमी पडतो. शरीर ताबडतोब जोरजोरात श्वास घ्यायला लागतं. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं, आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. हा तिढा सोडवायचं काम मूत्रपिंडांचं. ती जादा क्षार लघवीवाटे बाहेर टाकतात तेव्हा कुठे श्वास मोकळेपणाने वाढू शकतो. या कामाला दोन-तीन दिवस लागतात, आणि मूत्रपिंडांना रजेचं कॅलेंडर दाखवता येत नाही. लाल पेशी वाढण्याची गोष्ट तर आठवड्यांची.

इथे धावण्याचा काही उपयोग नाही का? दम टिकायला आहे, उंची लागू नये यासाठी नाही. १९६२च्या चीन युद्धाच्या काळात सपाटीवरचे हजारो जवान घाईघाईने हिमालयात चढवले गेले. त्यांच्यातल्या आजारी पडलेल्या १,९२५ जणांचा अभ्यास लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध केला. उंचीच्या आजाराबद्दल जगाला जे कळलं त्याचा मोठा भाग त्या जवानांमुळे. त्यांतले बहुतेक तरणेबांड होते. उलट माझा अनुभव असा की फिट माणूसच जास्त फसतो, कारण त्याचे पाय त्याला थांबू देत नाहीत.

लक्षणं पोचल्यावर साधारण सहा ते बारा तासांनी सुरू होतात. डोकं ठणकतं, मळमळतं, जेवण नको वाटतं, गळून गेल्यासारखं होतं, चक्कर येते. बहरीन आणि बोलिव्हियाच्या घड्याळात सात तासांचं अंतर आहे, त्यामुळे लोक सगळं खापर प्रवासाच्या जागरणावर फोडतात. तसं करू नका. उंचीवर डोकं दुखलं तर दुसरं कारण सापडेपर्यंत ती उंचीच धरायची, पॅरासिटामॉल घ्यायची, आणि आणखी वर चढायचं नाही. बहुतेकांना एक-दोन दिवसांत उतार पडतो. पहिल्या रात्री झोपेत श्वास दहा-बारा सेकंद थांबून पुन्हा दचकून सुरू होईल; शेजारी जागा असलेला घाबरतो, पण एवढ्यावरून घाबरण्यासारखं नसतं. रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या, बोटाला लावायच्या यंत्रावर ८५ ते ९०च्या घरातला आकडाही तिथे नवख्या माणसाला सर्रास दिसतो. दर दहा मिनिटांनी ते यंत्र लावून एकमेकांना भिववू नये.

घाबरायचं दोन गोष्टींना. पहिली, मेंदूला सूज. माणूस गोंधळतो, बोलताना अडखळतो, दारू प्यायल्यासारखा झुलतो. पंज्यापुढे टाच ठेवत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. जमलं नाही तर उजाडायची वाट बघू नका. दुसरी, फुप्फुसात पाणी. ती बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्रीच्या दरम्यान गाठते. बसल्या जागी धाप लागते, कोरडा खोकला येतो, छातीत घरघर होते, पुढे गुलाबी फेस पडतो. याला सर्दी किंवा न्यूमोनिया समजून कोपऱ्यात पांघरूण घेऊन पडलेली माणसं दगावली आहेत.

दोन्हींवरचा उतारा म्हणजे खाली उतरणं आणि ऑक्सिजन. पण ला पाझमध्ये एक गोम आहे, ती नकाशा बघितल्याशिवाय ध्यानात येत नाही. हिरव्या दरीतलं कोरोइको कितीही खाली असलं तरी त्याचा रस्ता आधी साडेचार हजार मीटरच्या वरची ला कुंब्रे खिंड चढतो. विमानतळ शहराच्या वर. म्हणजे फार खाली जायचं तर बहुधा आधी वर जावं लागतं. तेव्हा ला पाझमध्ये अशी वेळ आली तर टॅक्सी करून आधी शहरातलं रुग्णालय गाठायचं, ऑक्सिजन लावून घ्यायचा, आणि पुढचा प्रवास डॉक्टरांवर सोपवायचा. प्रवास-विम्याच्या कागदात 'जास्तीत जास्त उंची' किती लिहिली आहे तेही निघण्यापूर्वी वाचा. पुष्कळ पॉलिसींत तो आकडा बारीक अक्षरांत असतो.

आता बेत. मी त्यांना तो उलटा करायला लावला. आधी सांता क्रूझला उतरा, ते ४०० मीटरच्या आसपास आहे. तिथून सुक्रेला जा, सुमारे २,८०० मीटर. पांढऱ्या भिंतींचं देखणं शहर आहे, दोन-तीन रात्री तिथे काढायला कुणाची हरकत नसावी. मग ला पाझ. तिथेही पहिल्या रात्री दक्षिणेकडच्या खालच्या वस्तीत राहा. केबल कारने एल आल्तोपर्यंत वर जाऊन या, बाजार बघा, इयिमानीचं ६,४३८ मीटरचं शिखर डोळे भरून बघा, पण झोपायला खाली या. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच मुक्काम, हा जगभरच्या डोंगरी डॉक्टरांचा नियम. दिवसा किती चढलात याहून रात्री कुठे निजलात हे शरीर जास्त मोजतं. पेरूत कुस्कोला जाणाऱ्यांनीही विमानातून उतरून तडक उरुबांबाच्या खोऱ्यात उतरावं. ते कुस्कोहून पाचशे मीटर खाली आहे, आणि माचू पिचू तर त्याहूनही खाली, २,४३० मीटरवर. पहिले दोन दिवस बारा-पंधरा किलोची सॅक पाठीवर घेऊन ला पाझच्या चढांवर हॉटेल शोधत फिरण्यात कसलंही शौर्य नाही. दारू नको, झोपेची गोळी तर मुळीच नको. पाणी तहानेपुरतं प्या. पाच लिटर पिऊन उंची लागायची टळत नाही. जाता जाता एक, तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. कुकर नसेल तर वरणाचा नाद सोडा.

गोळी म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, औषधाच्या दुकानात डायमॉक्स. मूत्रपिंडं जे काम रमतगमत करतात ते ही लवकर करून घेते. थेट उंचीवर उतरावंच लागत असेल तर सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आदल्या दिवसापासून पोचल्यावर दोन दिवसांपर्यंत देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोड्याची चव मिळमिळीत लागते. सल्फाची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. मित्राच्या पाकिटातली घेऊ नका. आणि गोळी घेतली म्हणून चाकाल्ताया दुसऱ्या दिवशी होत नाही.

तिथे हॉटेलात शिरताच कुणीतरी कोकाच्या पानांचा चहा पुढे करेल. त्या लोकांचं ते शतकानुशतकांचं पेय आहे, तिथे कायदेशीर आहे. उंचीचा आजार त्याने टळतो याला मात्र भक्कम पुरावा नाही. आखातातल्या वाचकांनी नीट ऐकावं: एका कपानेही लघवीच्या तपासणीत कोकेनचा अंश निघू शकतो. ज्यांच्या कंपनीत अचानक तपासणी होते त्यांनी तो कप नम्रपणे परत करावा. त्या पानांची पाकिटं, गोळ्या, चॉकलेटं आठवण म्हणूनसुद्धा बॅगेत टाकू नका. मुहर्रकच्या विमानतळावर किंवा मुंबईला त्यांना कुणी आठवण म्हणणार नाही.

अ‍ॅमेझॉनच्या बाजूला उतरणार असाल तर पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि पिवळं कार्ड जपा. बोलिव्हिया, पेरू, इक्वेडोरहून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे ते नसेल तर विलगीकरणात बसवतात.

राहिला तिचा गोंदियाचा मुद्दा. मी विचारलं, सिकलसेलची तपासणी कधी झाली आहे का? दोघं हसली, आमच्या घरात कुणाला नाही म्हणाली. सिकलसेलचा वाहक धडधाकट असतो, त्याला आयुष्यभर पत्ता लागत नाही. पण विरळ हवेत वाहकाच्याही लाल पेशी वाकतात आणि प्लीहेचा रक्तपुरवठा तुटू शकतो; डाव्या बरगडीखाली अचानक कळ आली तर ती गॅस समजून सोडायची नसते. विदर्भ, नंदुरबार, गडचिरोलीकडे हा दोष पुष्कळ आढळतो, आणि बहरीनमध्येही; म्हणून तर इथे २००४च्या कायद्याने लग्नाआधी ही तपासणी सक्तीची केली. भारतातल्या लग्नांत पत्रिका बघतात, हे बघत नाहीत. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे, ज्यांना जिना चढताना छातीत दुखतं, ज्यांची मधुमेहाची औषधं अजून बसलेली नाहीत, त्यांनीही तिकिटाआधी डॉक्टर गाठावा.

उयुनीची सफर या खेपेला मी खोडली. तिच्यात मुक्काम चार हजार मीटरच्या वर पडतो आणि अकरा दिवसांत तेवढ्या रात्री बसत नाहीत. नवऱ्याला ते फारसं रुचलं नाही. तिचं रक्त तपासायला गेलं आहे, अहवाल रविवारी येईल. तोवर तिकीट काढू नका, एवढंच मी त्यांना सांगितलं आहे.