नाजूक कातडी आणि मेडिकलवरची ट्यूब

विहारात वंदना झाल्यावर आरोग्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : "आमची कातडीच नाजूक, काही सहन होत नाही." बोलणारी भगिनी बहुधा चार-पाच घरची धुणीभांडी करणारी असते. हात पुढे करते तेव्हा बोटांची पेरे फाटलेली असतात, तळवे खरबरीत झालेले असतात. मग पर्समधून एक पिळून चपटी झालेली ट्यूब निघते. "मेडिकलवाल्याने दिली. लावली की दोन दिवसांत बरे वाटते, सोडली की पुन्हा सुरू." या वेळी आम्ही त्या हातांबद्दल आणि त्या ट्यूबबद्दल लिहीत आहोत.

कातडीचा सगळ्यात वरचा थर कागदाहूनही पातळ असतो, पण त्याची बांधणी विटांच्या भिंतीसारखी असते. मेलेल्या पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्या मधला तेलकट अंश म्हणजे सिमेंट. आतला ओलावा बाहेर जाऊ द्यायचा नाही आणि बाहेरचे काही आत शिरू द्यायचे नाही, हे या भिंतीचे काम. आता भांड्याचा ओशटपणा काढणारी पावडर भांड्याचा तेलकटपणा काढील आणि हाताचा ठेवील, असे कसे होईल? रोज तासन्‌तास हात साबणाच्या पाण्यात राहिले की विटांमधले सिमेंट धुऊन जाते. भेगा पडतात. मग साधे पाणी लागले तरी आग होते आणि आपण म्हणतो, कातडी नाजूक.

काहींची भिंत जन्मापासूनच कच्ची असते हे खरे. घरात कुणाला दमा, सतत शिंका किंवा लहानपणी इसब असेल, तर मुलांची कातडी लवकर कोरडी पडते, खाजते. पण आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक हातांची ही अवस्था कामाने केलेली असते. गवंडीकाम करणाऱ्या बांधवांचे तेच. ओले सिमेंट अतिशय क्षारयुक्त असते, ते कातडी भाजून काढते. शिवाय त्यातल्या क्रोमियममुळे काहींना कायमची ॲलर्जी जडते. रोज किलो-किलो लसूण सोलणाऱ्या बायकांची तर फक्त लसूण धरणाऱ्या हाताची दोन-तीन बोटेच फाटतात, बाकीचा हात चांगला असतो. कोणती जागा बिघडली ते पाहिले तर कारण अनेकदा तिथेच सापडते. कानाची पाळी चिघळली तर खोट्या दागिन्यातले निकेल, टाळू आणि कपाळाची कड सुजली तर केसांचा काळा रंग, टिकलीच्या जागी खाज किंवा पांढरा डाग आला तर टिकलीचा गोंद. "दहा वर्षे हीच टिकली लावते, आजच कशी बाधेल?" असे विचारतात. ॲलर्जी अशीच असते, वर्षानुवर्षे चाललेली वस्तू एक दिवस शरीर नाकारते आणि मग तिचा थोडासा अंशही चालत नाही.

आता ती ट्यूब. घरात इंग्रजी वाचणारे मूल असेल तर त्याच्याकडून तिच्यावरची बारीक अक्षरे वाचून घ्या. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. स्टिरॉइड हे विष नाही. डॉक्टरने जागा पाहून, दिवस ठरवून दिले तर ते इसबावरचे चांगले औषध आहे. पण ते आग आणि खाज दाबते, कारण काढत नाही. महिनोन्‌महिने लावले तर कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, जांघेत-काखेत कायमचे वळ उठतात. नायट्यावर लावले तर खाज थांबते आणि आत बुरशी मोकाट पसरते. पैशाएवढा नायटा कमरेभर झालेला आम्ही पाहिला आहे. 2018 साली केंद्र सरकारने अशी 14 स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. दुकानात काय चालते ते तुम्हाला ठाऊक आहे.

सगळ्यात वाईट वाटते ते चेहऱ्याचे. लग्न ठरले की मुलीला "उजळायची क्रीम" आणून देतात. मोमेटासोनबरोबर रंग फिका करणारी औषधे मिसळलेली ती ट्यूब असते. पहिल्या महिन्यात तोंड तुकतुकीत दिसते, पुढे उन्हात आग, पुरळ, ओठावर लव. सोडली की चेहरा लालबुंद होतो, म्हणून मुलगी पुन्हा लावते. वर्णावरून माणूस मोजणाऱ्यांविरुद्ध आपण पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलो आणि घरातल्या पोरीला मात्र सावळी म्हणून ही ट्यूब देतो, याचा विचार प्रत्येक आईबापाने करावा. जिने महिनोन्‌महिने लावली आहे तिने ती एकदम फेकू नये. मोठ्या सरकारी रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी असते. तिथे केसपेपर काढावा आणि ट्यूब सोबत न्यावी. लपवू नये. ती हळूहळू कशी सोडायची ते डॉक्टर सांगतात.

हातांसाठी करायचे ते स्वस्त आहे. काम संपले की साध्या पाण्याने हात धुवा, बोटांच्या बेचक्यांसकट टिपून कोरडे करा आणि ओल गेली न गेली तोच खोबरेल किंवा साधी व्हॅसलीन चोळा. दिवसातून एकदा नव्हे, प्रत्येक घरचे काम झाल्यावर. छोटी डबी पर्समध्ये ठेवा. रबरी हातमोजे घालायचे तर आत सुती मोजे हवेत, नाहीतर घामानेच हात कुजतात. ज्यांच्या घरी काम करता त्यांच्याकडे हातमोजे मागायला संकोच कशाला? अंगोळीचे पाणी कोमट असावे, कढत नको. त्यात जंतुनाशक ओतू नका. फाटलेल्या कातडीवर लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा काहीही लावू नका. नवे मलम किंवा साबण आणला तर आधी आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहा.

दोन गोष्टी मात्र नाजूक कातडी म्हणून सोडून देऊ नका. रात्री खाज वाढते आणि घरातल्या दोघा-तिघांना एकदमच सुटते, तेव्हा ती बहुधा खरूज असते. औषध सगळ्यांनी एकाच रात्री लावावे लागते, एकट्याने लावून उपयोग नाही. आणि अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा आहे, खाजत नाही, टोचले तरी तिथे कळत नाही, तर त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात जा. तो कुष्ठरोग असू शकतो. लवकर गेले तर गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि त्या गोळ्या तिथे फुकट मिळतात.