कळकलेली काडतुसे वापरावीत का?

प्रश्न : माझ्याकडे परवान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर आहे. काडतुसे बरीच वर्षे चामडी पट्ट्यातच राहिली, आता हिरवट दिसतात. घासून वापरू का? — एक वाचक, माजरी

उत्तर : घासू नका. चामडे कमावताना वापरलेली द्रव्ये आणि पावसाळ्याची ओल यांनी पितळ कळकते. उजेडात एकेक काडतूस फिरवून पाहा. नुसता काळपटपणा चालतो. पण हिरव्या थराखाली खड्डे, पितळी कवचाला बारीक चीर, आत दबलेली किंवा सैल गोळी, बुडाच्या टोपीभोवती गंज, यातले काहीही दिसले तर ते बाद. तेल तर लावूच नका. टोपीतून झिरपून ते स्फोटक निकामी करते.

चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबा. लगेच दुसऱ्यांदा चाप ओढलात तर चक्र फिरेल, आणि उशिरा पेटलेले काडतूस नळीसमोर नसताना फुटेल.

बाद माल शेगडीत, विहिरीत टाकू नका. भद्रावतीचा आयुध निर्माणी कारखाना जवळ असला तरी तिथेही नेऊ नका. परवाना घेऊन पोलीस ठाण्यात जा, जमा करा आणि पोच मागून घ्या. उरलेली काडतुसे पट्ट्याऐवजी कोरड्या डब्यात, कुलपात ठेवा.