दमदम ते सांताक्रूझ: अंतर आणि वेळ

हावडा ते मुंबई हा नागपूरवरून जाणारा रेल्वेमार्ग १,९६८ किलोमीटर लांबीचा आहे. दमदम आणि सांताक्रूझ या विमानतळांमधील हवाई अंतर मात्र सुमारे १,६६० किलोमीटरच भरते. लोहमार्गाला डोंगर टाळावे लागतात, नद्यांवर पुलांच्या सोयीच्या जागा शोधाव्या लागतात आणि वाटेतील गावे गाठावी लागतात. हवाई अंतर पृथ्वीगोलाच्या पृष्ठावरून जाणाऱ्या सर्वांत जवळच्या रेषेवर मोजतात. वाचकांनी घरातील पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहावा. तो जवळजवळ नागपूरवरूनच जातो. कोलकाता ते नागपूर ९८५ आणि नागपूर ते मुंबई ६८५ किलोमीटर. म्हणजे नागपुरास उतरून गेल्याने दहा किलोमीटरांचाही फेरा पडत नाही.

या योगायोगाचा एकेकाळी मोठा उपयोग झाला. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपाल योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. चौघांत कलकत्त्याची वाट सर्वांत लांब होती. मुंबईपेक्षा ती ३०० किलोमीटरांनी अधिक, आणि त्या काळच्या डकोटा विमानाला एवढ्यासाठी तासभर लागे. साहजिकच एकाच वेळी पोहोचायचे तर कलकत्त्याच्या विमानाने तेवढे आधी निघणे भाग होते. एकाला उशीर झाला की उरलेल्या तिघांनी थांबायचे की थैल्या सोडून जायचे, हा प्रश्न उभा राही. येथे किलोमीटरांपेक्षा मिनिटांचाच हिशेब महत्त्वाचा होता.

मिनिटांचा हा हिशेब वारा बिघडवतो. हिवाळ्यात जेट विमानांच्या उंचीवर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. विमानाचा हवेतील वेग ताशी ८०० किलोमीटर आणि वाऱ्याचा १०० किलोमीटर धरला, तर मुंबईहून कोलकात्याकडे जमिनीच्या हिशेबाने वेग ९०० होतो व प्रवासास १ तास ५१ मिनिटे लागतात. उलट दिशेने वेग ७०० वर येतो आणि वेळ २ तास २२ मिनिटे होते. जाताना मिळालेले परतताना फिटते, असे आपणांस वाटेल; पण तसे होत नाही. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून ४ तास ९ मिनिटे लागली असती, येथे ४ मिनिटे अधिक लागली. प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते, हे त्याचे कारण. पावसाळ्यात याच उंचीवर वारे पूर्वेकडून येऊ लागतात आणि फायदा-तोटा दिशा बदलतो.

वेळापत्रकातील वेळ याहूनही मोठी असते. ती विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंत मोजतात. मुंबईवर उतरण्यासाठी घिरट्या घालाव्या लागल्या तर त्याही तीत येतात.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे दमदमवर दाट धुके असते. धावपट्टी दिसेनाशी झाली तर विमानाला दुसरीकडे, उदाहरणार्थ सुमारे ३८० किलोमीटर दूर भुवनेश्वरला, जावे लागू शकते. तेवढे इंधन मुंबईहून निघतानाच भरून घ्यावे लागते.