रॉकेटगाडीवरचा डॉक्टर

[मोटारीत बसल्यावर पट्टा बांधावा, असे आपल्याला नेहमी सांगितले जाते. हा साधा पट्टा माणसाचा जीव कसा वाचवतो? हे शोधण्यासाठी एका डॉक्टरांनी स्वतःच्या शरीरावर प्रयोग केले. त्यांच्या धाडसाची माहिती या पाठात दिली आहे.]

तुम्ही बसमध्ये उभे आहात. बस वेगाने चालली आहे. चालक अचानक ब्रेक दाबतो. बस थांबते, पण तुम्ही मात्र पुढे फेकले जाता. असे का होते? बसबरोबर तुमच्या शरीरालाही वेग आलेला असतो. बस थांबली, तरी शरीर त्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. या गुणधर्माला जडत्व म्हणतात.

बसच्या ब्रेकने आपला फक्त तोल जातो. पण ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार भिंतीवर आदळली, तर ती एका क्षणात थांबते. पट्टा न बांधता आत बसलेला माणूस त्याच वेगाने समोरच्या काचेवर आपटतो. हा आघात सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली घराच्या गच्चीवरून खाली पडण्याइतका असतो. अशा वेळी हातांनी धरून स्वतःला सावरणे कोणालाही शक्य नसते.

एकदम थांबण्याचा किती आघात माणूस सहन करू शकतो? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या हवाई दलाला या प्रश्नाचे उत्तर हवे होते. शरीरावर त्याच्या वजनाच्या अठरा पट भार आला, तर माणूस जगत नाही, असा त्या वेळी समज होता. हा समज खरा की खोटा, हे पाहण्याचे काम डॉ. जॉन पॉल स्टॅप यांच्याकडे आले. त्यांचा जन्म 1910 साली ब्राझीलमध्ये झाला होता. ते हवाई दलात डॉक्टर होते.

1947 साली कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात प्रयोग सुरू झाले. लोखंडी रुळांवर एक गाडी ठेवली होती. तिला चाके नव्हती. मागे लावलेल्या रॉकेटांच्या जोराने ती रुळांवरून घसरत जाई आणि पुढे जोरदार ब्रेक लागून थांबे. सुरुवातीला गाडीत माणसाएवढ्या वजनाचा एक पुतळा बसवला जाई. एकदा पुतळ्याला हलकाच पट्टा बांधला होता. ब्रेक लागताच पट्टा तुटला. पुतळा समोरची लाकडी फळी फोडून दोनशे मीटरांपेक्षाही दूर जाऊन पडला!

पण पुतळ्याला वेदना होत नाहीत. त्याचे रक्त वाहत नाही. माणसाच्या शरीराचे काय होते, हे माणसाकडूनच कळणार होते. मग गाडीत कोण बसणार? डॉ. स्टॅप यांनी दुसऱ्या कोणाला आधी पुढे केले नाही. 1947 सालच्या डिसेंबर महिन्यात ते स्वतः त्या गाडीत बसले.

त्यानंतर ते पुन्हा पुन्हा बसले. प्रत्येक वेळी वेग वाढवला जाई. त्यांच्या बरगड्यांना तडे गेले. मनगट दोनदा मोडले. दातांत भरलेले मिश्रण निखळून पडले. तरी त्यांनी काम सोडले नाही. जखम बरी झाली, की ते पुन्हा गाडीत बसत. शरीर घट्ट बांधलेले असेल, तर माणूस अठरा पटींपेक्षा कितीतरी अधिक भार सहन करतो, हे त्यांनी सिद्ध केले.

सर्वांत कठीण प्रयोग 10 डिसेंबर 1954 रोजी झाला. न्यू मेक्सिको राज्यातील हॉलोमन येथील हवाई दलाच्या तळावर नवी रॉकेटगाडी तयार होती. तिला नऊ रॉकेटे जोडली होती. या प्रयोगात आपली दृष्टी जाईल, अशी भीती डॉ. स्टॅप यांना वाटत होती. म्हणून त्यांनी आधीच घरी दिवे बंद करून अंधारात कपडे घालण्याचा आणि काढण्याचा सराव केला होता. आंधळे झालो, तरी निदान आपली कामे आपल्याला करता यावीत, एवढीच त्यांची इच्छा होती.

रॉकेटे पेटली. अवघ्या पाच सेकंदांत गाडीने ताशी 1017 किलोमीटर वेग गाठला. मग रुळांच्या मधल्या पाण्याने भरलेल्या चरात गाडीचा खालचा भाग शिरला आणि 1.4 सेकंदांत ती जागच्या जागी थांबली. त्या वेळी त्यांच्या शरीरावर वजनाच्या 46 पटींहून अधिक भार आला. जणू त्यांचे वजन क्षणभर साडेतीन हजार किलो झाले होते! त्यांच्या डोळ्यांत रक्त उतरले. त्यांना काही दिसेना. सगळ्यांच्या काळजाचा ठोका चुकला. पण हळूहळू त्यांना उजेड दिसू लागला. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांची दृष्टी बरीचशी परत आली. वर्तमानपत्रांनी त्यांना 'पृथ्वीवरील सर्वांत वेगवान माणूस' म्हटले.

डॉ. स्टॅप यांना मात्र या कीर्तीपेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटत होती. हवाई दलाची विमान अपघातांत जेवढी माणसे मरत, जवळजवळ तेवढीच मोटारींच्या अपघातांत मरत होती, हे त्यांच्या लक्षात आले होते. त्या काळी बहुतेक मोटारींत पट्टेच नसत. डॉ. स्टॅप यांनी जुन्या मोटारी आणून त्यांत पुतळे बसवले आणि त्या मुद्दाम आदळवल्या. हवाई दलाच्या पैशाने मोटारींचे प्रयोग कशासाठी, असा प्रश्न निघाला. त्यांनी मृतांचे आकडे समोर ठेवून त्याचे उत्तर दिले. 1955 साली त्यांनी डॉक्टर, अभियंते आणि मोटारी बनवणारे यांची एक परिषद भरवली. पुढे तिला त्यांचेच नाव मिळाले.

याच काळात स्वीडन देशातही असे काम चालू होते. नील्स बोलिन हे अभियंता पूर्वी विमानांतील आसने तयार करत. 1958 साली ते व्होल्वो या मोटार कंपनीत आले. कमरेवरच्या एकाच पट्ट्याने पोटाला इजा होते आणि डोके पुढे आपटते, हे त्यांनी पाहिले. म्हणून त्यांनी खांद्यावरून छातीवर येणारा आणि कमरेवरून जाणारा असा जोडपट्टा तयार केला. तो एका हाताने सहज लावता येतो. 1959 साली तो मोटारींत आला. कंपनीने हा शोध स्वतःपुरता ठेवला नाही. इतर कंपन्यांनाही तो वापरू दिला. आज जगभरच्या मोटारींत हाच पट्टा दिसतो.

1966 साली अमेरिकेत मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर सही केली, तेव्हा डॉ. स्टॅप तेथे हजर होते. 1968 सालापासून तेथे नव्या मोटारींत पट्टे बसवणे सक्तीचे झाले. आपल्या देशातही मोटारीत पुढे बसणाऱ्यांनी आणि मागच्या आसनावर समोर तोंड करून बसणाऱ्यांनी पट्टा बांधणे कायद्याने आवश्यक आहे.

डॉ. स्टॅप 29 वेळा रॉकेटगाडीत बसले. 1999 साली, वयाच्या 89 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांनी वेदना सोसून मिळवलेले ज्ञान आज प्रत्येक मोटारीत आपल्या हाताशी आहे. ते वापरायला एक क्षणही पुरतो. मुलांनो, मोटारीत बसलात, की आधी पट्टा बांधा आणि घरातल्या मोठ्यांनाही त्याची आठवण करून द्या.

शब्दार्थ
जडत्व – आहे त्याच स्थितीत राहण्याचा वस्तूचा गुणधर्म
आघात – जोराचा धक्का, मार
सावरणे – तोल सांभाळणे
चर – जमिनीत खणलेला लांब खड्डा
निखळणे – सुटून पडणे
काळजाचा ठोका चुकणे – खूप भीती वाटणे

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डॉ. स्टॅप यांचा जन्म कोठे झाला?
(आ) पट्टा तुटल्यावर पुतळ्याचे काय झाले?
2. कारणे लिहा.
(अ) डॉ. स्टॅप यांनी अंधारात कपडे घालण्याचा सराव केला.
(आ) बोलिन यांनी जोडपट्टा तयार केला.
3. 'काळजाचा ठोका चुकणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.
4. तुमचे काका मोटारीच्या मागच्या आसनावर पट्टा न बांधता बसले आहेत. त्यांना तुम्ही काय सांगाल? पाच वाक्ये लिहा.