खर्चाआधी हद्द ठरव

पुसद
मे 2025

चि. मृणाल हिस,


तुझा निरोप मिळाला. टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरवर रात्री सिनेमा लावला की चित्र अडतं, गोल चक्र फिरत राहतं. तुझे बाबा म्हणतात, शंभर एमबीपीएसचा प्लॅन सोडून तीनशेचा घेऊ. दुकानदार म्हणतो, मशीन जुनं झालं, बदला. इंटरनेट कंपनीचा माणूस राउटरजवळ उभं राहून मोबाइलवर स्पीड दाखवून गेला आणि 'आमच्याकडून सगळं ओके' म्हणाला. तिघांचंही खरं असू शकतं. पण प्रत्येकाने आपल्या हाताशी आलेलं टोक तेवढं धरलं आहे. म्हणून तू आठवडाभर एक रुपयाही खर्च करू नकोस. आधी दोष कोणाच्या हद्दीत आहे ते ठरव.

मी आयुष्यभर टेलिफोनच्या तारांमागे फिरलो, तिथली एक रीत तुला सांगतो. फोनमध्ये खरखर असल्याची तक्रार आली की नवशिका माणूस थेट घरात शिरून फोनचा डबा उघडायचा. जाणता लाइनमन आधी खांबावरच्या डीपीशी, म्हणजे घरोघरी तारा वाटणाऱ्या डब्याशी जायचा आणि तिथे टेस्ट फोन लावायचा. आवाज स्वच्छ आला तर दोष घराकडे, नाही आला तर एक्स्चेंजकडे. एका चाचणीत अर्धी लाइन संशयातून सुटायची. मग उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. तुझ्या घरात तो डीपी म्हणजे राउटर. त्याच्या बाहेरचं कंपनीचं, आतलं तुमचं. आणि आतल्यातही दोन तुकडे आहेत: राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंतचा रस्ता आणि खुद्द कॉम्प्युटर.

आधी गरज किती ते बघ. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की 1080 रेषांच्या चित्राला 5 एमबीपीएस पुरतात आणि 4के चित्राला 15. हे मेगाबिट आहेत. डाउनलोडच्या खिडकीत दिसतात ते बहुतेक वेळा मेगाबाइट असतात आणि एका बाइटमध्ये 8 बिट. म्हणजे शंभरच्या प्लॅनवर सेकंदाला 12 मेगाबाइट दिसले तर फसवणूक झाली म्हणून भांडायला जाऊ नकोस, ते बरोबर आहे. शंभर खरोखर टीव्हीपर्यंत पोचत असतील तर तीन खोल्यांत तीन सिनेमे चालतील. शंभरातले पाचही पोचत नसतील तर तीनशे घेऊन काय होणार?

आता पहिली चाचणी. एक लांब लॅन केबल कुणाकडून तरी उसनी आण, राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत जमिनीवरूनच टाक, वायफाय बंद कर आणि रात्री त्याच वेळी तोच सिनेमा लाव. घरात दोन दिवस सगळे केबलला अडखळतील, आई ओरडेल. ओरडू दे.

चित्र सुरळीत चाललं तर दोष वायफायचा. तुमचा राउटर समोरच्या खोलीत, टीव्ही मागच्या हॉलमध्ये आणि मधल्या भिंतीला टेकून लोखंडी कपाट उभं, हे माझ्या डोळ्यांसमोर आहे. 5 गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असतो, पण भिंतीपुढे लवकर दमतो. 2.4 चा पट्टा भिंत पार करतो, पण तिथे शेजारपाजारचे सगळे राउटर गर्दी करून बसलेले असतात. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच: 1, 6 आणि 11. मायक्रोवेव्ह चालू झाला की तोही याच पट्ट्यात गोंधळ घालतो. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. यूएसबी 3 ची हार्डडिस्क चालू असताना तिच्यातून 2.4 च्याच आसपास रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने 2012 मध्ये यावर अख्खा निबंध काढला होता. तुझ्या कॉम्प्युटरच्या मागे सिनेमांची हार्डडिस्क आणि वायफायचा डोंगल शेजारी शेजारी खोचले असतील, तर डोंगल एक्स्टेन्शन वायरने हातभर दूर ने आणि फरक पाहा.

तरीही माझं मत विचारशील तर जागचं न हलणारं यंत्र तारेवरच ठेवावं. वायफाय मोबाइलसाठी राहू दे. चांगली केबल 100 मीटरपर्यंत आरामात काम करते, तुमचं घर त्याच्या पाव भागातही मावेल. केबल टाकल्यावर विंडोजमध्ये लिंक स्पीड बघ. दोन्ही टोकांची यंत्रं 1000 ची असून तिथे 100 दिसत असेल, तर आठपैकी एखादी तार जॅकमध्ये नीट बसलेली नाही. टोक पुन्हा क्रिम्प करून घे.

केबलवरही चित्र अडलं तर कॉम्प्युटरकडे वळ. इथे डोळे उघडे ठेव, कारण अडण्याचे प्रकार दोन आहेत. चक्र फिरतं आणि आवाजही थांबतो तेव्हा माल पोचलेला नसतो. आवाज नीट चालतो आणि चित्र मात्र झटके देतं, तेव्हा माल आलेला असतो, यंत्राला तो उलगडता येत नाही. यूट्यूबच्या चित्रावर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघड. 'बफर हेल्थ'चे सेकंद शून्याकडे घसरत असतील तर दोष रस्त्यात. बफर भरलेला आहे आणि 'ड्रॉप्ड फ्रेम्स'चा आकडा वाढतो आहे, तर दोष यंत्रात.

यंत्र का दमतं तेही समजून घे. व्हिडिओ दाबून पाठवलेला असतो आणि दाबण्याच्या पद्धती बदलत गेल्या: आधी एच.264, मग एचईव्हीसी आणि व्हीपी9, आता एव्ही1. ज्या पद्धतीसाठी चिपमध्ये स्वतंत्र सोय असते ती हसतखेळत उलगडते. नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो. ऑफिसातून निघालेली चौथ्या पिढीची इंटेल मशीन बाजारात स्वस्त मिळतात, तुमचं त्यांतलंच असावं. त्याला एच.264 जमतं, यूट्यूबचं व्हीपी9 जमत नाही. व्हीपी9 ची पूर्ण सोय सातव्या पिढीत आली आणि एव्ही1 ची अकराव्या. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स'खाली जीपीयू उघड. सिनेमा चालू असताना 'व्हिडिओ डीकोड'ची रेघ सपाट आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकलेला दिसला, तर हाच रोग समज. आधी ब्राउझरमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन बंद पडलेलं नाही ना, ते पाहा. मग 'एच264इफाय'सारखं छोटं एक्स्टेन्शन टाक, म्हणजे यूट्यूब जुन्या पद्धतीतलं चित्र देईल. 4के मिळणार नाही, 1080 मिळेल. तुमच्या टीव्हीला आणि तुझ्या बाबांच्या चष्म्याला तेवढं पुष्कळ.

आणि कॉम्प्युटरचा डबा उघडून आत बघ. तू वणीत राहतेस. खाणीचे ट्रक जातात त्या रस्त्यालगतच्या घरात कोळशाची काळी भुकटी खिडकीच्या जाळीवर बसते, तशीच ती पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटींत बसते. त्यात आपल्याकडचा मे महिना, पारा 45 च्या आसपास. प्रोसेसर शंभर अंशांजवळ गेला की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. सुरुवातीला अर्धा तास ठीक आणि मग झटके, अशी तक्रार असेल तर उष्णतेवर संशय घे. वीज बंद करून, पंखा बोटाने धरून, मऊ ब्रशने धूळ काढ. टीव्हीखालच्या बंद कप्प्यातून डबा बाहेर काढून मोकळ्या हवेत ठेव.

केबल नीट, यंत्र थंड, आणि तरीही चक्र फिरतंच असेल तर आता कंपनीकडे जा. पण हात हलवत जाऊ नकोस, वही घेऊन जा. सकाळी 6 ला आणि रात्री 9 ला, केबलवर, वेग मोज आणि लिहून ठेव. नेहमीच्या स्पीड टेस्टचा सर्व्हर अनेकदा कंपनीच्याच जाळ्यात असतो, म्हणून तिथे आकडा छान येतो. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून माल मागवतं, त्याचाही आकडा शेजारी लिही. सकाळी नव्वद एमबीपीएस आणि रात्री जेमतेम आठ एमबीपीएस असं दिसलं तर तुमच्या भागाची सामाईक वाट रात्री भरते आहे, आणि ती तीनशेचा प्लॅन घेऊन मोकळी होत नाही. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत सगळा देश एकाच वेळी पडद्यासमोर बसला, तेव्हा व्हिडिओ कंपन्यांनी भारतात मोबाइलवरचं चित्र 480 रेषांवर उतरवलं होतं. वाट सर्वांची असली की असंच होतं.

कंपनीकडे जाण्याआधी दोन गोष्टी घरातच तपास. रात्री सगळ्यांचे मोबाइल फोटो-व्हिडिओ वर चढवत असतात का? अपलोड तुंबला की डाउनलोडही रखडतो, कारण माल पोचल्याची पोचपावती त्याच वाटेने परत जाते. दुसरी, फायबरची बारीक तार खिळ्यावर किंवा कोपऱ्यात मुडपलेली नाही ना? मुडपली की उजेड गळतो. राउटरच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवर दिसते. उणे 20 च्या आसपास असेल तर तब्येत चांगली, उणे 27 च्या खाली गेली तर कंपनीला सांग. तार मात्र तू काढू नकोस आणि तिच्या टोकात डोकावू तर मुळीच नकोस. तो उजेड दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

एका वेळी एकच गोष्ट बदल. केबल, एक्स्टेन्शन आणि साफसफाई एकाच रविवारी केलीस तर सिनेमा चालेल, पण कशाने चालला ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. आणि लाइनमन आला तर त्याला पाणी दे, वही दाखव. उन्हातान्हात खांबावर चढणाऱ्या माणसाला लोक 'नेट स्लो आहे' एवढंच सांगतात. तू वेळ, आकडा आणि केलेल्या चाचण्या सांगितल्यास तर तो तुझ्याशी बरोबरीने बोलेल, आणि काम त्याच फेरीत होण्याची शक्यता वाढेल.

पहिल्या चाचणीचे आकडे आले की मला पाठव. नुसतं 'चाललं' किंवा 'नाही चाललं' लिहू नकोस. तुझ्या आईला आशीर्वाद, बाबांना नमस्कार. तीनशेचा प्लॅन या महिन्यात घेऊ नका, हे माझ्या नावाने सांग.

तुझा,
मामा